सोपाऱ्याचा स्तूप आणि तेरा खापऱ्या



आपल्या विहाराची सहल म्हटली की कान्हेरी, कार्ले, फार झालं तर अजिंठा. त्यामुळे यंदा सोपाऱ्याला जाऊ म्हटल्यावर बरेच जण हसले. "नालासोपाऱ्यात काय बघायचं? निम्मे पाहुणे आपले तिथेच राहतात!" तरीही आम्ही तिसाच्या वर मंडळी विरार लोकलने निघालो. नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षाने गेलं की झाडीत विटांचा एक उंचवटा दिसतो. तोच स्तूप. कोरीव तोरण नाही, मूर्तींची रांग नाही. मुलं तर म्हणाली, "एवढंच?"

म्हणून तिथेच सावलीला बसून त्रिशरण-पंचशील झाल्यावर जो इतिहास आम्ही मुलांना सांगितला, तो इथे लिहून काढत आहोत.

सोपारा म्हणजे जुने सुप्पारक, अपरान्ताचे मोठे बंदर. भिक्खू पुण्ण इथलाच, अशी परंपरा आहे. त्याने आपल्या सुनापरान्त देशी जाण्याची परवानगी मागितली तेव्हा तथागतांनी विचारले, तिथले लोक तापट आहेत, शिव्या दिल्या तर काय करशील? मारले तर? जीवच घेतला तर? बहुतेक वेळी पुण्णाचे उत्तर असे की, याहून वाईट केले नाही, म्हणजे लोक भलेच म्हणायचे. तो गेला आणि एका वर्षावासात पाचशे उपासक व पाचशे उपासिका झाल्या, असे पाली ग्रंथ सांगतात. वस्तीवस्तीत धम्माचे काम करताना ज्यांनी शिव्या खाल्ल्या आहेत, त्या आपल्या जुन्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

पुढे सारे विस्मरणात गेले. गावकरी या उंचवट्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणू लागले. (शूर्पारक हे गावाचे संस्कृत नाव. शूर्प म्हणजे सूप, आणि सुपं विणणारा तो बुरूड. त्यावरूनच हा राजा जन्मला असावा, असं आपलं आम्हाला वाटतं.) बुद्धाचे नाव मात्र कुणाच्या तोंडी उरले नाही.

1882 च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा कोट खणला. मधोमध विटांच्या बांधकामात एक गोल दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यांच्या आत सोन्याचा. आणि त्या सोन्याच्या करंडकात काय? सोन्याची फुले आणि मातीच्या भांड्याच्या 13 खापऱ्या! भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे हे तुकडे असावेत, असे पंडितजींनी मांडले. ते सिद्ध करणे आज अवघड आहे. पण ज्यांनी या खापऱ्यांवर एकात एक असे पाच करंडक चढवले, त्यांची श्रद्धा काय होती हे कळायला आणखी पुरावा लागत नाही.

पेटीत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते, म्हणजे ती इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आधीची नाही. पण तांब्याच्या करंडकाभोवती आठ कांस्यमूर्ती मांडलेल्या होत्या. विपस्सी, सिखी, वेस्सभू, ककुसंध, कोणागमन, कस्सप, आपले गौतम बुद्ध आणि आठवा भावी मेत्तेय्य. या मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या आहेत. म्हणजे सहा-सातशे वर्षांनी कुणीतरी स्तूप उघडला, एकही वस्तू न हलवता असेल म्हणा, नव्या मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला. सोन्याला हात लावला नाही. त्या माणसांची नावे कुठेच कोरलेली नाहीत.

त्याच एप्रिलमध्ये इथल्या भातेला तळ्याजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. राजे पूर्वी शिकारीला, मौजेला फिरत. अशोकाने ते सोडून संबोधीला जाऊन धम्मयात्रा सुरू केली, हा त्या लेखाचा विषय. आपण सहल म्हणत निघालो होतो!

नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावला सापडला, तोही 1956 साली. आजारपण, लग्न, मूल जन्मणे, प्रवास अशा निमित्तांनी लोक नाना निरर्थक विधी करतात. त्याऐवजी दास-नोकरांशी नीट वागा, गुरुजनांचा मान ठेवा, असे त्यात अशोक सांगतो. ज्या वर्षी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्याच वर्षी हा दगड वर आला. योगायोगच, पण ऐकल्यावर मंडळी बराच वेळ गप्प होती. परवाच एका घरच्या बारशावरून आपल्यात वाद झाला होता, तो सर्वांना आठवला असावा.

निघताना महिला मंडळातल्या एका आजीने विटांवर फुले ठेवली आणि विचारले, "ते पात्र कुठं हाय आता?" आम्ही सांगितले, फोर्टला, टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात.

आजी म्हणाल्या, "अगं बाई! चाळीस वर्सं मी त्याच रस्त्यानं कामाला जात हुते."