घोड्याचे गवत, सशाचे दात

नगरचा इतिहास सांगायला कुणी बसले की किल्ला येतो, चांदबीबी येते, मलिक अंबर येतो, शेवटी भिंगारच्या छावणीत १७०७ साली डोळे मिटणारा औरंगजेब येतो. गवत मात्र येत नाही. खरे तर या सगळ्यांच्या डोक्याला रोजचा ताप होता तो गवताचाच.

हिशेब सोपा आहे. मध्यम अंगाच्या घोड्याला दिवसाला आठेक किलो वाळले गवत लागते, चंदी वेगळी. दहा हजार घोड्यांची फौज असेल तर रोजचे ८० टन गवत झाले. त्यात हत्ती, उंट, तोफा ओढणारे आणि धान्य वाहणारे बैल मिळवा. धान्य बंजाऱ्यांच्या तांड्यांवरून शंभर कोसांवरून आणता येते. गवत इतके आकाराने मोठे आणि किमतीने हलके की ते मुक्कामाच्या आसपासच मिळावे लागते. म्हणून दख्खनची मोहीम पाऊस सरल्यावर, माळ पिवळे पडू लागले की सुरू व्हायची. दसऱ्याचे सीमोल्लंघन आपण शौर्याशी जोडतो. त्याच दिवसांत गवत निसवते आणि कापणीला येते, हेही लक्षात ठेवायला हरकत नाही.

मलिक अंबराला हे सगळ्यात चांगले कळले होते. त्याने मराठा घोडेस्वार हाताशी धरून जी बारगीगिरी केली, तिचे वर्णन 'गनिमी कावा' या दोन शब्दांत उरकले जाते. पण ती चालायची कशी? मोगलांची छावणी जागची हलवायची नाही, तिच्या भोवती घिरट्या घालायच्या, आणि गवत-लाकूड आणायला बाहेर पडलेल्या टोळ्या कापायच्या. चार दिवसांत घोडी खंगतात, मग सैन्य आपोआप खंगते. १६२४ साली नगरपासून जवळच भातवडीला त्याने मोगल आणि विजापूरकर अशा दोन्ही फौजांना एकत्र हरवले, तेव्हा तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला ही गोष्ट सगळे सांगतात. चिखलात अडकलेल्या छावणीतल्या जनावरांनी काय खाल्ले असेल, हे कुणी विचारत नाही. (या लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी मारले गेले. या दोघा भावांची नावे नगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली, असे परंपरा सांगते. विषय निघालाच आहे म्हणून सांगितले.)

शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना गेलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या अर्थाने ते नेहमी उद्धृत होते. पण ते पत्र मुळात वैरणीच्या बेगमीचे आहे. पावसाळाभर पुरवायचे गवत आताच उधळले तर पुढे घोडी मरतील, दिवा उघडा ठेवाल तर उंदीर जळती वात नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इतका बारीक विचार त्यात आहे. राज्य घोड्यावर चालते आणि घोडा गवतावर, हे राजाला पाठ होते. पुढे ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, तोही पुढच्या मोहिमेसाठी रसदीचे ठाणे हवे म्हणून.

गवतासारखीच दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे दात. घोड्याचा जबडा उघडून पाहणे ही एक विद्या होती. शालिहोत्राच्या नावाने चालणारी ही संस्कृत अश्वविद्या बहमनी काळात अब्दुल्ला इब्न सफीने फारसीत नेली. अठराव्या शतकाच्या शेवटी सआदत यार खान रंगीन या शायराने उर्दूत 'फरसनामा' लिहिला. गझल लिहिणारा माणूस घोड्याचे दुखणेही जाणत होता, तेव्हा त्यात काही विचित्र वाटत नसे. आपल्याकडे घोड्याच्या वैद्याला 'सालोत्री' म्हणत. शालिहोत्र ऋषींचे नाव असे घासून घासून तबेल्यात पोचले आणि ते तिथे मुसलमानांच्याही तोंडी होते.

माझे दादा नगरमध्ये टांगा चालवायचे. त्यांनी फरसनाम्याचे नावही ऐकले नसावे, पण ते सगळे त्यांच्या बोटांत होते. अब्बा सांगतात, घोडा विकत घ्यायचा तर दादा आधी ओठ वर करून पाहायचे. अडीच वर्षांला मधले दुधाचे दात पडतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे, पाचव्या वर्षी तोंड भरते. त्यानंतर दाताच्या माथ्यावरच्या खळग्या घासून कमी होत जातात. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक खाच दिसू लागते आणि वर्षागणिक खाली उतरते. विकणारा काहीही सांगो, दात खोटे बोलत नाहीत. गवताच्या बाबतीतही त्यांचे एकच वाक्य घरात उरले आहे : "हात में ले, सूंग, फिर पैसे दे."

दात घासतात ते कशाने, हा यातला खरा प्रश्न. गवताच्या पात्याने बोट कापते ते उगाच नाही. गवत जमिनीतून वाळूचेच द्रव्य, सिलिका, शोषते आणि त्याचे सूक्ष्म कण पात्यात साठवते. शिवाय माळावरची धूळ पानावर बसलेली असतेच. म्हणजे गवत खाणारा प्राणी दिवसभर कानस चावत असतो. त्यावर निसर्गाने उपाय केला तो उंच दातांचा. घोड्याचा दात हिरडीत खोल गाडलेला असतो आणि झिजेल तसा वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकतो. साठा संपला की म्हातारा घोडा चावू शकत नाही.

सशाचे त्याहून पुढचे आहे. त्याचे २८ च्या २८ दात, समोरचे आणि दाढाही, जन्मभर वाढतात. घोड्याचा दात वर्षात जितका सरकतो, साधारण तितका सशाचा समोरचा दात आठवड्यात वाढतो. वरच्या पुढच्या दोन दातांच्या मागे आणखी दोन छोटे दात दडलेले असतात. ते उंदराला नसतात. सशाला उंदीर-घुशींच्या कुळातून काढून वेगळा गण द्यावा, हे १९१२ साली ठरले, त्यात या दातांचा मोठा वाटा होता.

आता सशापर्यंत कसा आलो ते सांगतो. माझ्या बहिणीच्या मुलांनी दोन पांढरे ससे आणले. फारसीत 'खरगोश' म्हणजे गाढवाच्या कानाचा. नावाप्रमाणे कान होते आणि घरात लाड होते. गाजर, बिस्किट, चपाती, दुकानातले रंगीत दाणे. वर्षभरात एकाची हनुवटी कायम ओली राहू लागली. लेंड्या बारीक झाल्या. तो ताटापाशी यायचा, दाणा उचलायचा आणि सोडून द्यायचा. "मामू, त्याला भूक आहे पण तो खात नाही," भाची म्हणाली. इतके अचूक निदान मी मोठ्यांकडूनही ऐकलेले नाही. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्र घालून आत पाहिले. समोरचे दात ठीक होते, दाढांना मात्र टोके फुटली होती आणि खालच्या टोकांनी जीभ कापली होती. भूल देऊन ती टोके घासावी लागली. मग त्या म्हणाल्या, औषध एकच आहे, गवत.

कारण असे. दाणा सशाला वरून खाली दाबून फोडता येतो, दोन चाव्यांत संपतो. लांब धाग्याचे गवत मात्र जबडा आडवा फिरवूनच दळावे लागते, जात्यासारखे, तासन्‌तास. त्या आडव्या घासण्यानेच दाढा सपाट राहतात. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळा आहार दिलेल्या सशांचे दात मोजले. दाणे-मिश्रणावर ठेवलेल्यांचे दात लांबले आणि वाकडे झाले, गवत खाणाऱ्यांचे नीट राहिले. इंग्लंडच्या पशुवैद्य फ्रान्सिस हारकोर्ट-ब्राऊन यांनी त्याच्या बऱ्याच आधी, १९९६ साली, आणखी एक मुद्दा मांडला होता. ससा मिश्रणातले आवडते दाणे वेचून खातो, बाकीचे टाकतो, त्यामुळे कॅल्शियम कमी पडते, जबड्याचे हाड मऊ होते आणि दात जागचे हलतात. म्हणजे पिंजऱ्यात ऊनही हवे.

डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितले ते टिमथी गवताचे. अमेरिकेत अठराव्या शतकात टिमथी हॅन्सन नावाच्या शेतकऱ्याने ते दक्षिणेकडच्या वसाहतींत नेले, म्हणून हे नाव. पुढे तिथल्या शहरांतली टांग्या-गाड्यांची घोडी त्यावर जगली. मोटारी आल्या, घोडी गेली, आणि घोड्यांचे ते गवत आता आकर्षक पिशवीत भरून सशांसाठी समुद्रापलीकडून येते. पिशवीची किंमत पाहून मला दादा आठवले. ज्या जिल्ह्याच्या माळांसाठी चार सलतनती भांडल्या, तिथे गवत परदेशातून मागवायचे?

टिमथी वाईट नाही, पण त्यात जादूही नाही. सशाला हवे ते लांब, तंतूदार, स्वच्छ, वाळलेले गवत, आणि ते आपल्याकडे आहे. मारवेल सर्वांत चांगले, काडी बारीक आणि गोडसर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाणही काढले आहेत. पवना आणि डोंगरी गवतही चालते. कुसळी मात्र जपून. फुलोऱ्यापूर्वी कापली तर उत्तम, पण एकदा निसवून कुसळे पक्की झाली की ती तोंडात, हिरडीत, डोळ्यात रुततात. डोळ्यातल्या कुसळाची म्हण ज्याने केली त्याने जनावरे राखली असणार.

लसूणघास नगरकरांचा लाडका, राहुरीचा 'आरएल ८८' हा वाण तर दूरवर गेला आहे. दुभत्या गाईला तो छानच. वाढत्या पिलाला आणि पाजणाऱ्या सशीणीलाही द्यावा. मोठ्या सशाला रोज दिला तर जादा कॅल्शियम लघवीतून खडूच्या पाण्यासारखे पडते आणि मूत्राशयात साचते. त्याला घास म्हणजे ईदचा शीरखुर्मा समजावा, रोजची भाकरी नव्हे. ज्वारीच्या कडब्याची वाळली पाने चालतात, जाड दांडा तो टाकून देतो. कोवळी हिरवी ज्वारी मात्र नको. तिने किराळ लागून बैल मरतो, तिथे सशाची काय कथा.

निवडताना दादांचा नियम पुरतो. मूठभर हातात घ्या. रंग फिकट हिरवा असावा, तांबूस-काळा नको. वास वाळल्या पावसासारखा यावा, तळघरासारखा आला तर बुरशी आहे. पेंढी झटका, धुरळा उडाला तर सोडून द्या. गाजरगवताच्या काड्या किंवा घाणेरीची पाने मिसळलेली नाहीत ना, ते उकलून पाहा. आणि कुट्टी घेऊ नका. यंत्राने कापलेले तुकडे गाईला सोयीचे, पण सशाच्या दाढेचे काम कुट्टीच करून टाकते.

अडचण आहे ती गवत मिळण्याची. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून आहेत. २०१३ आणि २०१९ च्या उन्हाळ्यातल्या चारा छावण्या तर कालच्या वाटतात. माणसे जनावरांसकट महिनोन्‌महिने छावणीत राहिली आणि वैरण आली ती बहुतेक उसाची, कारण माळाची उरली नव्हती. पागेची कुरणे, गावची गायराने कागदावर 'पडीक' झाली. पडीक म्हटले की तिथे काहीतरी करणे आलेच. कुठे नांगर फिरला, कुठे प्लॉट पडले, कुठे सदिच्छेने झाडे लावली आणि त्यांच्या सावलीत गवत मेले. मूळचा माळ कसा असतो ते पाहायचे तर कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला जावे. १९८० साली काळविटांसाठी राखलेले ते अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही. तिथे काळवीट आहेत आणि आपला रानचा ससाही आहे. तो पिंजऱ्यातल्या पांढऱ्या सशाचा लांबचा नातेवाईक. बीळ करत नाही, पिले केसांसकट जन्मतात, आणि दात घासायला त्याला कुणी गवत आणून द्यावे लागत नाही.

लष्कराची घोडी गेली, त्यांच्या जागी रणगाडे आले. १९९४ पासून नगरमध्ये रणगाड्यांचे संग्रहालय आहे, लोक लांबून पाहायला येतात. रणगाडा डिझेल पितो. गवताची ओळख ठेवणारे शहरात आता थोडेच उरले. मी ज्या मावशींकडून पेंढ्या घेतो त्या त्यांपैकी एक. पहिल्यांदा मी "मारवेल आहे का?" विचारले तेव्हा त्यांनी माझ्याकडे वर-खाली पाहिले आणि म्हणाल्या, "म्हशीला का घोड्याला?" सशाला म्हटल्यावर हसल्या, पण दोन पेंढ्या बाजूला सारून तिसरी दिली. "ही घ्या भाऊ. त्या भिजलेल्या हायेत."

त्यांच्याकडे चांगला माल येतो तो दसरा ते दिवाळीच्या दरम्यान. वर्षभराचा तेव्हाच घेऊन ठेवावा. दोन सशांना महिन्याला सहा-सात किलो पुरते, थोडे सांडते ते अंथरूण होते. गोणपाटात, जमिनीपासून वर, वारा लागेल असे ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवले तर जुलैत बुरशी येते. आमच्या घरी सध्या ते गच्चीच्या जिन्याखाली आहे आणि दिव्यापासून लांब आहे.