संवत्सराचें नांव आणि घरगुती प्रयोगपोथ्या

पवनाकांठच्या चिंचवड क्षेत्रीं श्रीमोरया गोसावी यांच्या समाधिमंदिरांत एक मराठी शिलालेख आहे. त्यावरून मंदिराच्या कामास शके १५८०, विलंबी संवत्सरीं, कार्तिक शुद्ध १२ रोजीं (इ. स. १६५८) आरंभ होऊन विकारी संवत्सरीं आषाढ शुद्ध ४, सोमवारीं तें पुरें झालें, असें कळतें. विलंबीमागून विकारी, अर्थात् समाप्ति शके १५८१ मधील. नर्मदेच्या उत्तरेस मात्र संवत्सरें बार्हस्पत्य मानानें मोजतात. तेथें मधूनमधून एक नांव गळतें, व एकाच वर्षास दोहोंकडे दोन नांवें पडतात. देशाची जोड नसेल तर संवत्सरनाम कालनिर्णयास लंगडेंच.

ही जोड सांभाळली ती बखरकारांनीं नव्हे, उपाध्यायांनीं. कोणत्याहि कर्माच्या आरंभीं ते यजमानाकडून संकल्प म्हणवितात. त्यांत गोदावरीचें दक्षिण तीर, शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि, वार हीं ओळीनें येतात. पोथींत मात्र देशकालांचा उच्चार करावा, इतकी सूचना असते. मंत्रांचीं प्रतीकें तेवढीं दिलेलीं, बाकीचें मुखांत. म्हणून मुख गेलें कीं पोथी मुकी होते. छापील पुस्तकांनीं हें काम भागतें, असें म्हणणारांनीं एकदां पुस्तकावरून पुण्याहवाचन करून पाहावें!

आम्हां संग्राहकांचाहि दोष आहे. जुनी तिथि व दुर्मिळ ग्रंथ पाहून आपण पोथी घेतों, आणि शंभर वर्षांपलीकडची नसलेली प्रयोगपोथी सामान्य म्हणून परत करतों. पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला, पुढें चाकणपर्यंत कारखाने पसरले. जुने वाडे पडले आणि माळ्यावरचीं बासनें रद्दींत गेलीं. अशाच एका आवराआवरींतून आम्हांस एक प्रयोगपोथी मिळाली. मूळ पाठांत नवें कांहींच नाहीं. पण समासांत तीन निरनिराळ्या हातांच्या टिपा आहेत : पाणी कोठें सोडावें, कोणती ऋचा या घरीं दोनदां म्हणतात, सुतकांत काय गाळावें. हें कोणत्याहि निबंधग्रंथांत सांपडणार नाहीं.

आतां पुष्कळ सदनिकांतून ध्वनिमुद्रित पूजा लावतात. एके ठिकाणीं गणेशचतुर्थीस आम्हीं कान देऊन ऐकिलें, तों संकल्पांत संवत्सर मुद्रणाच्या सालचेंच! यजमानांनीं मुकाट्यानें उदक सोडलें.

त्या पोथीच्या घराण्याशीं परिचित असे एक वृद्ध उपाध्याय अद्याप आहेत. पोथी पुढें ठेवून ते म्हणतात, आम्ही प्रतीकांपुढील पाठ व टिपांचा अर्थ उतरून घेतों. तीन बैठका झाल्या. पुण्याहवाचन संपलें, नांदीश्राद्ध व्हावयाचें आहे.