पोवळ्याच्या पलीकडे

मंगळाची अंगठी घालणाऱ्या घरांत पोवळे ओळखीचे असते. बहुतेक रत्ने खाणीतून येतात, हे मात्र समुद्रातल्या एका प्राण्याच्या सांगाड्यातून. दागिन्यांतले लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. समुद्रात भित्ती रचणारे प्रवाळ हे त्याचे दूरचे नातलग, आणि या पुस्तकाचा विषय तेच. नव्या वाचकाने एवढे आधी मनाशी धरावे, की दगडासारखी दिसणारी ही भिंत जिवंत प्राण्यांनी बांधलेली आहे.

प्रवाळाचा एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरांचा. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते, उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. त्या बळावर तो चुन्याचे घर बांधतो. पाणी नेहमीच्या ऐन उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की ही भागीदारी मोडते. शैवाल निघून जाते, पारदर्शक देहाखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. असा प्रवाळ जिवंत असतो, पण उपाशी. पाणी वेळेत निवले तर तो सावरतो.

1998मध्ये एल निनोने समुद्र तापवला, तेव्हा लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले. 2010 आणि 2016 मध्ये पुन्हा तसाच तडाखा बसला. समुद्र तापवणाऱ्या धुरात या बेटांचा वाटा नगण्य, म्हणून हे वाचताना मन खिन्न होते. पण या विषयाने मला धरून ठेवले ते पुढच्या गोष्टीने. तिथले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या भर समुद्रात जाऊन गळाच्या काठीने कुपा पकडत आले. त्यामुळे भित्तीवरच्या माशांवर ताण कमी पडला. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ माजते. पोपटमाशासारखे मासे ते खरवडून खातात, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर प्रवाळाची नवी पिले चिकटतात. 1998नंतर काही भित्ती पुन्हा भरू लागल्या, त्यात या माशांचा हात होता. आता त्याच माशांना बाजारात मागणी वाढते आहे. विरंजनाचा अभ्यास करणाऱ्याला म्हणूनच तापमापकाबरोबर मासळीचा लिलावही पाहावा लागतो.

आपल्याकडेही प्रवाळ आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर, गढूळ पाण्यात, ते तग धरून आहेत. 1987मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गाच्या पश्चिमेला, शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘आंग्रिया बँक’ हे पठार पाण्याखाली पसरले आहे. तिथल्या प्रवाळांविषयी मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे. ते लिहिणारे कोणी या पुस्तकाच्या वाचकांतून पुढे यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.