चिठ्ठी, सोडत आणि शपथ

यहूदाच्या जागी बारावा प्रेषित कोण, हे ठरविण्यासाठी शिष्यांनी प्रथम प्रार्थना केली व मग चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली. त्याच्या काही आठवडे आधी कालवारीवर रोमन शिपायांनीही प्रभूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. साधन एकच, परंतु एका ठिकाणी ईश्वरेच्छेचा शोध होता, दुसऱ्या ठिकाणी निव्वळ लूट.

या नशिबाच्या खेळाला गणिताची शिस्त लावण्यात फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालचा वाटा मोठा आहे. अर्ध्यावर मोडलेल्या डावातील पैजेची रक्कम खेळाडूंनी न्यायाने कशी वाटून घ्यावी, या प्रश्नावर १६५४ साली त्याने पिएर द फेर्मा या गणितज्ञाशी पत्रव्यवहार केला. त्यातून संभाव्यतेचे शास्त्र आकारास आले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री पास्कालला ईश्वराचा उत्कट अनुभव आला. त्याची नोंद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवली. १६६२ मध्ये त्याच्या निधनानंतर ती सापडली.

पुढे १९४४ साली फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांनी डावपेचांच्या गणितावर ग्रंथ लिहिला. त्या विचाराचा धागा पकडून अमेरिकन लेखक फिलिप के. डिक याने १९५५ मध्ये ‘सोलर लॉटरी’ ही आपली पहिली प्रकाशित कादंबरी दिली. तिच्यातील काळ आहे २२०३. सर्वोच्च सत्ताधीश निवडणुकीने नव्हे, तर सोडतीने ठरतो. आणि त्याला ठार मारण्यासाठी मारेकरीही कायदेशीररीत्या नेमला जातो. सोडत सर्वांना समान संधी देते असे भासते. प्रत्यक्षात माणसे निष्ठेच्या शपथेने मालकांना जखडलेली असतात.

टेड बेन्टली हा नायक रीस व्हेरिक या सत्ताधीशाला निष्ठेची शपथ वाहतो. व्हेरिकची सत्ता आधीच गेलेली आहे, हे त्याला नंतर कळते. पदच्युत व्हेरिक त्याला नव्या सत्ताधीशाच्या हत्येच्या कटात ओढतो. शपथ पाळावी, की सदसद्विवेकबुद्धीचे ऐकावे? अखेर बेन्टली शपथ मोडतो.

येथे आपल्याला हेरोद आठवतो. भर मेजवानीत वाहिलेल्या शपथेपायी त्याने योहान बाप्तिस्ताचा शिरच्छेद करविला. अधर्मासाठी वाहिलेली शपथ बंधनकारक नसते, ही ख्रिस्तसभेची शिकवण त्या प्रसंगाच्या उजेडात अधिक स्पष्ट होते. सोडतीत कोणाचे नाव निघावे, हे आपल्या हाती नाही. नाव निघाल्यावर कोणाची आज्ञा पाळावी, हे मात्र प्रत्येकाने स्वतःच ठरवायचे असते.