अडकित्त्याचा खिळा

श्रीपूर हे नाव आज साखरेशी इतके एकरूप झाले आहे की, १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटची स्थापना करण्यापूर्वी सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याच्या या टापूत लोखंडाचे काम कोणाच्या हातांनी चालत असे, हा प्रश्न सहसा कोणास पडत नाही. नीरेच्या कालव्याचे पाणी खेळण्याआधी हा मुलूख जिरायती ज्वारीचा होता. आणि येथील लोखंडकाम गावच्या लोहाराकडे व भाता-ऐरणीसह बिऱ्हाड घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या घिसाड्यांकडे असे.

बलुतेदारांच्या थोरल्या कासेत, म्हणजे पहिल्या ओळीत, लोहाराचे स्थान होते. नांगराचा फाळ, कुळवाची फास, विळे, खुरपी ही त्याची वर्षाची चाकरी, आणि तिच्याबद्दल खळ्यावर त्याचा हक्क ठरलेला. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून या व्यवस्थेचे साक्षेपी वर्णन केले, ही आपल्यावर मोठीच उपकृती आहे. परंतु ओसरीवरच्या पानाच्या तबकातील अडकित्ता अथवा खिशातील घडीचा चाकू ही शेतीची अवजारे नव्हेत; म्हणून त्यांच्या दुरुस्तीत लागणारे कौशल्य, जे मला फाळ शेवटण्याहूनही सूक्ष्म वाटते, दप्तरात उमटण्याचे कारणच नव्हते.

या कौशल्याचे सर्वस्व एका खिळ्यात आहे. अडकित्त्याची दोन अंगे ज्या खिळ्याने जोडलेली असतात, तो सैल पडला म्हणजे पाते बाजूला डुलते, बैठकीवर नेमके उतरत नाही, आणि सुपारीची खांडे होण्याऐवजी तिचा चुरा होतो. उलट तो फाजील आवळला गेला, तर कातरणाऱ्याचे मनगट भरून येते. जाणता कारागीर खिळ्याचे एक डोके ऐरणीवर टेकवून दुसऱ्यावर हलक्या हातोडीने ठोका देतो, अडकित्ता उघडून-मिटून पाहतो, आणि मगच पुढचा ठोका देतो. कारण एकदा पसरलेले डोके मागे घेता येत नाही, ते कानशीने घासून नवा खिळाच घालावा लागतो. घडीच्या चाकूत पाठीच्या कमानीचा दाब आणखी सांभाळावा लागतो. पाते मिटताना मुठीच्या खाचेत मधोमध बसले पाहिजे. एका कडेस घासू लागले की दोष खिळ्याच्या तिरपेपणात आहे, झिजलेल्या चकतीत आहे की पात्यालाच बाक आला आहे, हे आधी पारखावे लागते. बाक काढण्यासाठी पाते भट्टीत घालणे हा तर अविचार. तापताच त्याचे पाणी उतरते, आणि सरळ झालेले पाते धार धरीनासे होते.

पुढे श्रीपुरास साखरेचा कारखाना आला; आणि कारखाना म्हटला की फिटर आणि टर्नर आले, रोख पगार आला, नट-बोल्टाचा सांधा आला. पान्याने आवळावा आणि पान्यानेच सैल करावा, असा तो सोयीचा सांधा. त्याची उपयुक्तता मला मान्य आहे. तथापि खिळ्याच्या सांध्याने हातोडी धरणाऱ्या हातावर जो संयम लादला होता, त्याची या नव्या सांध्यास गरज उरली नाही, हेही इतिहासात नोंदले गेले पाहिजे.

पुण्यास दिनकर केळकर यांनी आयुष्य वेचून जमविलेल्या संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. त्यांचे घाट व नक्षी पाहून प्रेक्षक थक्क होतात, ते योग्यच आहे. पण तेथे जाणाऱ्या आमच्या सोलापूरकरांनी त्या नक्षीखालचा सांधाही निरखावा, असे मी आग्रहाने सांगतो. तो घडविणाऱ्यांचा लेखी दाखला शोधू गेल्यास क्वचितच हाती लागतो.