स्वस्त टायर: पण कोणासाठी?

परवा सायकलचा मागचा टायर बदलायला गेले होते. दुकानातल्या काकांनी विचारलं, "साधा टाकू की भारीतला?" साध्यात आत्ता पैसे वाचतात, पण तो लवकर झिजतो आणि पंक्चरही जास्त होतो. भारीतला जास्त टिकतो, पण पैसे आजच मोजावे लागतात. हा हिशोब तुम्हीही कधीतरी केला असेल. मी रबराच्या इतिहासावर पीएचडी करतेय, त्यामुळे मला यात आणखी एक रकाना दिसतो: टायर स्वस्त होण्याची किंमत कोणी मोजली?

1888 साली बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. 1890 च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलचं वेड पसरलं आणि रबराची मागणी भडकली. त्या काळी रबर यायचं ते जंगलातून. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या ताब्यातल्या काँगोमध्ये गावागावांवर रबराचा कोटा लादला गेला. तो पुरा व्हावा म्हणून बायकांना ओलीस ठेवलं जाई. गोळ्या घालणं, हात तोडणं हेही घडलं. 1904 मध्ये रॉजर केसमेंट यांचा अहवाल आला, ओरड वाढली आणि 1908 मध्ये राजाला काँगो बेल्जियम सरकारच्या हवाली करावा लागला.

तुम्ही म्हणाल, म्हणजे या जुलमामुळेच टायर स्वस्त झाले! इथेच गफलत होते. काँगोत रबर गोळा करणाऱ्याच्या हातात जवळपास काहीच पडत नव्हतं, पण बाजारात रबर महागच होतं. मधला नफा राजा आणि कंपन्यांच्या खिशात गेला. 1910 मध्ये तर रबराचे भाव आभाळाला भिडले.

भाव खऱ्या अर्थाने उतरले ते मळ्यांमुळे. 1876 मध्ये हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलमधून रबराच्या सुमारे 70,000 बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. तिथली रोपं पुढे सिलोन आणि मलायात पोचली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मळ्यांच्या रबराने जंगली रबराला मागे टाकलं. मलायाच्या मळ्यांवर पहाटे उठून झाडांना चीर देणाऱ्यांत दक्षिण भारतातून नेलेले तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते. मजुरी तुटपुंजी आणि डोक्यावर कर्ज.

मग स्वस्त टायर वाईटच का? तसंही नाही. टायर परवडला म्हणून सायकल परवडली. श्रीमंतांची हौस असलेली ही वस्तू गिरणी कामगार, दूधवाले, पोस्टमन, शाळेत जाणाऱ्या मुली यांच्यापर्यंत पोचली. माझे आजोबा आयुष्यभर कामाला सायकलनेच गेले. हा फायदा खरा आहे, आणि त्यामागचे कष्टही तितकेच खरे आहेत. एकाने दुसरा पुसला जात नाही.

शेवटी मी साधाच टायर घेतला. स्टायपेंड अजून जमा व्हायचाय!