ध्वनिसंपीडक, नभोवाणीतील

ध्वनिसंपीडक, नभोवाणीतील : प्रक्षेपणासाठी पाठवावयाच्या ध्वनिसंकेताची पातळी ठराविक मर्यादेपुढे गेली असता त्याचे विवर्धन आपोआप कमी करणारे व पातळी उतरल्यावर ते पूर्ववत करणारे इलेक्ट्रॉनीय साधन. व्यवहारात यास ‘कंप्रेसर’ म्हणतात. विवर्धन कमी होण्यास लागणाऱ्या अवधीला आघातकाल व ते पूर्ववत होण्यास लागणाऱ्या अवधीला मुक्तिकाल अशी नावे देता येतील. आघातकाल बहुधा काही सहस्रांश सेकंद असतो. मुक्तिकाल मात्र सेकंदाच्या काही दशांशांपासून २५ सेकंदांपर्यंत ठेवला गेला आहे. दूरच्या श्रोत्यास शब्द स्पष्ट ऐकू यावेत आणि गायनातील विरामही शाबूत राहावा, या दोन गरजांचा मेळ मुक्तिकालाच्या निवडीत घालावा लागतो.

मध्यम तरंगांवरील प्रक्षेपणात वाहक तरंगाचा परमप्रसर ध्वनीनुसार बदलला जातो. हा बदल शंभर टक्क्यांपलीकडे गेल्यास ध्वनी विकृत होतो व शेजारच्या कंप्रतांवरील (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्यांवरील) केंद्रांना अडथळा पोचतो. उलट हळू आवाज विजांच्या व विद्युत् यंत्रांच्या खरखरीत बुडून जातो. ध्वनीची सरासरी पातळी ६ डेसिबेलने वाढविली, तर संदेश वाहणारी शक्ती चौपट होते; म्हणजे प्रक्षेपकाची शक्ती न वाढविता दूरवर स्पष्ट ऐकू जाते. प्रारंभी हे काम नियंत्रण कक्षातील अभियंता मापकाच्या काट्याकडे पाहून हाताने करी.

मराठवाड्यात हा प्रश्न अंतराचा होता. हैदराबाद येथे खाजगी प्रयत्नातून सुरू झालेले २०० वॉटचे केंद्र निजाम सरकारने १९३५ मध्ये ताब्यात घेतले. डेक्कन रेडिओ या नावाने ओळखली जाणारी ही संस्था १९५० मध्ये आकाशवाणीत विलीन झाली. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील, तेलंगणाच्या सीमेलगतचे धर्माबाद हे मिरचीच्या बाजारपेठेचे गाव तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. १९६८ मध्ये परभणी येथे मध्यम तरंगांवरील आकाशवाणी केंद्र सुरू झाले. तथापि धर्माबादसारख्या सीमावर्ती गावांना मराठी कार्यक्रम दूरच्या केंद्रांवरूनच ऐकावे लागत. बाजारभाव व हवामान यांची निवेदने खरखरीतून समजणे ही तेथील निकडीची गरज होती.

स्वयंचलित नियंत्रणाच्या साधनांपैकी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे ‘११०-ए’ हे विवर्धक १९३७ मध्ये अमेरिकेत प्रचारात आले. अशा साधनांच्या प्रचलित रचनेत ध्वनिसंकेताचे एकदिशीकरण करून त्याने एक धारित्र भारित केले जाई. ते धारित्र रोधकातून रिते होण्यास लागणारा वेळ म्हणजेच मुक्तिकाल. रोधक बदलला की मुक्तिकाल बदले. १९५९ च्या सुमारास आलेल्या फेअरचाइल्ड ‘६७०’ मध्ये काळाच्या सहा निवडी होत्या. त्यांपैकी शेवटच्या दोन निवडींत मुक्तिकाल कार्यक्रमाच्या स्वरूपानुसार आपोआप बदले : क्षणिक उसळीनंतर तो अल्प, तर दीर्घकाळ मोठ्या राहिलेल्या आवाजानंतर अधिक असे. सीबीएस प्रयोगशाळेच्या ‘ऑडिमॅक्स’मध्ये विराम ओळखून त्या काळापुरते विवर्धन स्थिर ठेवण्याची सोय करण्यात आली.

या सोयीचे महत्त्व हिंदुस्थानी संगीताच्या उदाहरणाने स्पष्ट होते. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. विलंबित ख्यालात गायक थांबला, तरी तानपुरा चालूच असतो. तारस्वराच्या वेळी संपीडकाने पातळी १२ डेसिबेलने उतरविली आहे व मुक्तिकाल पाव सेकंद आहे, असे मानल्यास गायक श्वास घेताच तानपुऱ्याच्या ध्वनीचा परमप्रसर चौपट होतो व पुढील स्वर लागताच तो पुन्हा दबतो. आधारस्वर स्थिर न राहता हेलकावे खाऊ लागतो. मुक्तिकाल त्याहूनही फार कमी केल्यास डग्ग्याचा खर्जातील नाद विकृत होतो, कारण विवर्धन त्या नादाच्या एकेका कंपनाबरोबर बदलू लागते. याउलट मुक्तिकाल १० सेकंद ठेवल्यास तानपुरा स्थिर राहतो, परंतु जोरकस तानेनंतर हळुवार घेतलेले बोल दबून जातात. निवेदनास हितकर असलेली मांडणी ख्यालास हानिकारक ठरते, ती यामुळेच.

ध्वनीचे कंप्रतापट्टे पाडून प्रत्येकास स्वतंत्र मुक्तिकाल देण्याची पद्धत १९७० नंतर रूढ झाली. त्यामुळे डग्ग्याच्या आघाताने गायकाचा आवाज दबण्याचा दोष कमी झाला. रॉबर्ट ऑर्बन यांचे ‘ऑप्टिमोड’ हे एफ्‌एम्‌ प्रक्षेपणासाठी बनविलेले उपकरण १९७५ मध्ये आले. एफ्‌एम्‌ पद्धतीत खरखर मुळातच कमी असल्याने तीव्र संपीडनाची गरज उरत नाही. नांदेड येथे आकाशवाणीचे एफ्‌एम्‌ केंद्र १९९१ मध्ये सुरू झाल्यावर हा लाभ त्या परिसरास मिळू शकला. तरीही अनेक देशांतील व्यापारी केंद्रांनी शेजारच्या केंद्राहून मोठा आवाज राखण्याच्या स्पर्धेत अल्प मुक्तिकालाचा सर्रास वापर केला. सतत एकाच पातळीवरील असा ध्वनी ऐकणाऱ्यास थकवा आणतो. क्षणिक शिखराऐवजी जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचे मापन करण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये प्रमाणित केली. तीवर आधारलेली शिफारस यूरोपीय प्रक्षेपण संघाने २०१० मध्ये केली. अंकीय उपकरणांत मुक्तिकाल गणिताने ठरविता येतो; तथापि निवेदन, भजन व ख्याल यांसाठी तो किती असावा, याचा अंतिम निर्णय अभियंत्याच्या कानावरच अवलंबून राहिला आहे.